पडद्यातला शेजारी

'बालचित्रवाणी' हा शब्द मोहाडीतल्या तुमच्या एखाद्या मामासमोर किंवा मोठ्या ताईसमोर उच्चारून बघा. नव्वदीच्या आसपास ज्यांनी शाळेचं दप्तर उचललं, त्यांच्या चेहऱ्यावर लगेच काहीतरी हलतं. आधी ते कार्यक्रमाची धून गुणगुणतील. मग अँटेना फिरवायला कवेलूंवर कोण चढायचं आणि खालून कोण ओरडायचं ते सांगतील. पुण्यात १९८४ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था शाळकरी पोरांसाठी मराठीत कार्यक्रम बनवायची आणि दूरदर्शन ते सकाळी दाखवायचं. २०१७ साली निधीअभावी ती बंद झाली. फारसा गाजावाजा झाला नाही. पोरांच्या कार्यक्रमासाठी कोण कशाला रस्त्यावर उतरेल?

हाच प्रश्न कधीकाळी अमेरिकेतही आला होता. तिथं मात्र एक माणूस उठला आणि थेट सिनेटच्या समितीसमोर जाऊन बसला. आजची गोष्ट त्याची आहे. नाव फ्रेड रॉजर्स. अमेरिकेतल्या तीन पिढ्यांसाठी तो 'मिस्टर रॉजर्स'. २००३ साली तो गेला. तरी त्याच्यावर २०१८ मध्ये माहितीपट आला, २०१९ मध्ये टॉम हँक्सने त्याची भूमिका केली आणि आजही त्याच्या जुन्या क्लिप्स आपल्या फोनवर फिरत फिरत येतात. स्वेटर घातलेला, सडपातळ, फारच हळू बोलणारा माणूस. बघितलं असेल तर आठवेल.

आधी थोडं तिथल्या टीव्हीबद्दल. आपल्याकडे दूरदर्शन म्हणजे सगळ्यांना एकच ताट. अमेरिकेत १९५० च्या दशकात शहराशहराचं आपलं टीव्ही स्टेशन होतं आणि बहुतेक स्टेशनांवर पोरांसाठी एक स्थानिक काका किंवा ताई असायची. कुणी काउबॉय, कुणी जहाजाचा कॅप्टन, कुणी विदूषक. 'बोझो' नावाचा जोकर तर शहरागणिक वेगळा होता. वेश तोच, आतला माणूस दुसरा. हे काका पोरांना कार्टून दाखवायचे, वाढदिवसाची नावं वाचायचे आणि मधेच हातात दुधाची बाटली नाहीतर बिस्किटाचा पुडा धरून तो घ्यायला सांगायचे. पोरांचा काकावर विश्वास, म्हणून माल खपायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काकांनी स्वतः जाहिरात करू नये असा नियम आला आणि यातले बरेच कार्यक्रम आटत गेले. धंदाच त्यावर चालत होता.

फ्रेड रॉजर्स याच स्थानिक टीव्हीतून वर आला, पण त्याने आयुष्यात पोरांना काहीही विकलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याचा जन्म २० मार्च १९२८ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लॅट्रोब या गावचा. पिट्सबर्ग हे पोलादाचं मोठं शहर, त्याच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर हे छोटं कारखान्याचं गाव. म्हणजे आपल्याकडे नागपूर आणि मोहाडी जेवढ्या अंतरावर आहेत, साधारण तसंच. घर श्रीमंत होतं, कारखानदारांचं. पण पोरगं गुबगुबीत, लाजाळू आणि दम्याने आजारी. शाळेतून घरी येताना मुलं मागे लागायची, जाडेपणावरून चिडवायची. मोठ्यांनी सल्ला दिला की लक्ष देऊ नको, फरक पडत नाही असं दाखव. फ्रेडला तो सल्ला कधीच पटला नाही. फरक पडत होता. वाईट वाटत होतं. वाईट वाटतंय हे लपवायचं कशाला, हा त्याचा प्रश्न तिथूनच सुरू झाला असावा, असं मला वाटतं.

आजारपणात खोलीत एकटा पडलेला हा मुलगा बाहुल्या घेऊन त्यांच्यात गप्पा लावून द्यायचा. पाच वर्षांचा असल्यापासून पियानो वाजवायचा. राग आला की बोलून दाखवण्याऐवजी पियानोवर काढायचा. आणि एक आजोबा होते, आईचे वडील, फ्रेड मॅकफीली. आई-वडील जपायचे, हे करू नको, ते करू नको म्हणायचे. आजोबा मात्र त्याला कुंपणाच्या दगडी भिंतीवर चढू द्यायचे आणि तू आहेस तसाच मला आवडतोस असं निघताना सांगायचे. या एका वाक्यावर पुढे अख्खा कार्यक्रम उभा राहिला. त्यातल्या पार्सलवाल्याचं नावसुद्धा मिस्टर मॅकफीली ठेवलं.

कॉलेजमध्ये त्याने संगीत घेतलं. फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजातून १९५१ मध्ये तो संगीतरचनेची पदवी घेऊन बाहेर पडला. तिथंच जोअ‍ॅन भेटली, तीही पियानोवाली. १९५२ मध्ये लग्न झालं. पुढचा बेत ठरलेला होता, धर्मशास्त्र शिकायचं आणि पाद्री व्हायचं. पण सुट्टीत घरी आला तेव्हा घरात नवीन वस्तू आली होती. टीव्ही. त्याने तो लावला तर पडद्यावर माणसं एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे केक फेकून मारत होती आणि हा पोरांचा कार्यक्रम होता. त्याला संताप आला. एवढं भारी यंत्र आणि त्याचा हा उपयोग?

आपल्यापैकी बहुतेक जण इथं काय करतात? बंद करतात, चार शिव्या घालतात. हा पठ्ठ्या मात्र पाद्री होण्याचं लांबणीवर टाकून न्यूयॉर्कला एनबीसी या मोठ्या कंपनीत खालच्या कामाला लागला. चहा-कॉफी आणून देणं, मग स्टुडिओत फ्लोअर सांभाळणं. काम शिकला, ओळखी झाल्या, करिअर लागलं असतं. तेवढ्यात १९५३ मध्ये पिट्सबर्गला डब्ल्यूक्यूईडी नावाचं लोकांच्या वर्गणीवर चालणारं शैक्षणिक स्टेशन निघायचं ठरलं. जे अजून हवेत गेलेलंसुद्धा नव्हतं, त्या स्टेशनसाठी त्याने न्यूयॉर्क सोडलं. लोकांनी वेड्यात काढलं.

एप्रिल १९५४ मध्ये 'द चिल्ड्रन्स कॉर्नर' सुरू झाला. इथं ताई होती जोसी कॅरी. कॅमेऱ्यासमोर ती आणि सेटच्या मागे फ्रेड. बाहुल्या तोच नाचवणार, आवाज तोच देणार, ऑर्गन तोच वाजवणार. शो चालू व्हायच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनच्या प्रमुख डोरोथी डॅनियल यांनी त्याला एक कापडी वाघ भेट दिला. पट्ट्यापट्ट्यांचा, छोटा. त्याचं नाव यांच्याच नावावरून डॅनियल ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तो सेटमधल्या घड्याळातून डोकावला. बाहुल्यांनी बोलायचं असं फार ठरलेलं नव्हतं. पण मधे दाखवायला ज्या फुकटच्या फिल्म्स मिळायच्या त्या इतक्या जुन्या असायच्या, की प्रोजेक्टरमध्ये तुटायच्या. लाइव्ह प्रक्षेपण! आता करायचं काय? बाहुली बाहेर काढायची आणि जोसीशी गप्पा मारायच्या. कार्यक्रमाची सगळ्यात आवडती गोष्ट अशी अडचणीतून जन्मली.

त्या कॅनव्हासच्या बुटांचंही तेच. बाहुलीकडून ऑर्गनकडे पळताना चामड्याच्या बुटांचा आवाज माइकमध्ये जायचा, म्हणून त्याने रबरी तळाचे बूट घेतले. पुढे स्वतःच्या कार्यक्रमात रोज आत येऊन बूट बदलणं ही त्याची ओळख झाली.

सात वर्षं हा माणूस पडद्याआड राहिला. दुपारच्या सुट्टीत धर्मशास्त्राचे वर्ग करायचा; असं करत करत १९६३ मध्ये पाद्री झाला. चर्चने त्याला नेहमीसारखी मंडळी सांभाळायला न देता टीव्हीमार्फत मुलांचं आणि कुटुंबांचं काम कर असं सांगितलं. गंमत अशी, की पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने कार्यक्रमात प्रवचन कधी केलं नाही. याच काळात त्याला गुरू भेटल्या, मार्गारेट मॅकफार्लंड, पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसशास्त्रज्ञ. स्क्रिप्ट लिहिलं की तो ते घेऊन त्यांच्याकडे जायचा. हा शब्द चार वर्षांच्या पोराला कसा ऐकू येईल, यावर चर्चा चालायची. १९८८ मध्ये त्या वारल्या, तोवर हा क्रम सुटला नाही.

समोर आणलं ते कॅनडाने. १९६३ मध्ये तिथल्या सीबीसीचे अधिकारी फ्रेड रेन्सबेरी यांनी त्याला पोरांशी बोलताना बघितलं होतं. बाहुल्यांमागे लपू नकोस, आता कॅमेऱ्यासमोर ये, असा त्यांचा आग्रह. पंधरा मिनिटांचा 'मिस्टररॉजर्स' तिथं सुरू झाला. सोबत नेलेला मित्र अर्नी कूम्ब्स तिथंच राहिला आणि 'मिस्टर ड्रेसअप' म्हणून कॅनडातल्या पोरांचा लाडका झाला. फ्रेड मात्र पिट्सबर्गला परतला आणि १९ फेब्रुवारी १९६८ पासून त्याचा कार्यक्रम देशभर दिसायला लागला.

काय असायचं त्यात? खरं सांगायचं तर फार काही नाही. तो दारातून आत येतो, गाणं म्हणत कोट काढून स्वेटर घालतो, बूट बदलतो, माशांना खायला घालतो. स्वेटर आईने हाताने विणलेले. मग एखादी वस्तू दाखवतो, एखाद्या कारखान्यात नेतो, छोटी ट्रॉली बाहुल्यांच्या राज्यात जाते, परत येते. संपलं. कट कमी, आवाज कमी, आणि मधे चक्क शांतता. आजच्या हिशेबात बघितलं तर पहिल्या पाच सेकंदांत स्क्रोल होऊन जाईल असा माल. पण तो हळूपणा त्याला वेगात करता येत नव्हतं म्हणून आलेला नव्हता. न्यूयॉर्कचा स्टुडिओ त्याने आतून बघितला होता. चार वर्षांच्या पोराला विचार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो थांबायचा.

माशांची गोष्ट ऐका. एका आंधळ्या मुलीच्या घरून पत्र आलं, की मासे उपाशी तर नाहीत ना याची तिला काळजी वाटते, कारण तो खायला घालतोय हे तिला दिसत नाही. त्यानंतर तो माशांना खायला घालताना तसं तोंडाने सांगायला लागला. बाकीच्या लाखो पोरांना फरक पडला नाही. तिला पडला.

आणि विषय? घटस्फोट. मरण. १९७० च्या एका भागात टाकीतला मासा मेलेला सापडतो आणि तो त्याला अंगणात पुरतो. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली तेव्हा एकाच दिवसात त्याने खास भाग तयार केला. त्यात तो कापडी वाघ हत्या म्हणजे काय असं विचारतो. आपल्या घरात पोरं समोर असली की मोठी माणसं विषय बदलतात. हा बदलत नव्हता.

१९६९ च्या मे महिन्यातला एक भाग तर बघाच. गरमीचा दिवस. प्लास्टिकच्या छोट्या टबात पाय बुडवून तो बसलाय. पोलीसवाला ऑफिसर क्लेमन्स येतो. कृष्णवर्णीय गायक फ्रान्स्वा क्लेमन्स ही भूमिका करायचा. रॉजर्स त्याला पाय टाकायला बोलावतो. टॉवेल नाही म्हटल्यावर आपलाच देतो. बस्स, एवढंच. पण अमेरिकेत गोरे लोक काळ्यांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नव्हते, त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, तो हा काळ. एका विहिरीच्या, एका तळ्याच्या पाण्यावरून काय काय घडतं ते मराठी माणसाला महाडपासून ठाऊक आहे. त्या टबातल्या चार पायांचा अर्थ आपल्याला कुणी वेगळा सांगायला नको.

याच क्लेमन्सबाबत रॉजर्सची दुसरी बाजूही दिसते. क्लेमन्स समलिंगी होता. हे बाहेर आलं तर पैसे देणारे मागे फिरतील आणि कार्यक्रम बुडेल, म्हणून रॉजर्सने त्याला ते उघड न करण्याची अट घातली. आहेस तसाच आवडतोस असं रोज पोरांना सांगणाऱ्या माणसाने! क्लेमन्सने पुढे हे सगळं लिहिलं, दुखावलो हे सांगितलं आणि प्रेम संपलं नाही हेही सांगितलं. मला वाटतं मिस्टर रॉजर्सला देव करणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

आता ती सिनेटची गोष्ट. सार्वजनिक टीव्हीसाठी २ कोटी डॉलर द्यायचं ठरत होतं, पण निक्सन सरकारला ती रक्कम निम्म्यावर आणायची होती. १ मे १९६९ रोजी सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. अध्यक्ष जॉन पास्तोरे, तापट म्हणून प्रसिद्ध, आणि लांबलचक लेखी निवेदनं ऐकून वैतागलेले. रॉजर्सने आपलं निवेदन वाचणार नाही, तुम्ही नंतर वाचाल यावर विश्वास ठेवतो, असं सांगून कागद बाजूला ठेवला. मग ज्या आवाजात तो पोरांशी बोलायचा त्याच आवाजात बोलला. किती कमी खर्चात कार्यक्रम होतो ते सांगितलं. राग आला तर त्याचं काय करायचं, हे मुलांना शिकवणं म्हणजे काय ते सांगितलं. शेवटी रागावरच्या आपल्या एका गाण्याचे शब्द नुसते म्हणून दाखवले. जेमतेम सहा-सात मिनिटं. पास्तोरे म्हणाले, की आपल्या अंगावर काटा आलाय आणि तुम्ही ते २ कोटी मिळवलेत. या सुनावणीचा व्हिडिओ सहज सापडतो. डिबेटिंगच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्यांनी तर तो बघावाच. इतकं कमी हातवारे करून कुणी इतकं मिळवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

त्या पैशावर त्याने आयुष्यभर काम केलं आणि कुणाचाही पुडा हातात धरला नाही. १९८४ मध्ये एका बर्गर कंपनीने त्याच्यासारखा दिसणारा-बोलणारा माणूस घेऊन जाहिरात केली, तेव्हा त्याने ती बंद करायला लावली. माझी नक्कल करता म्हणून तो चिडला नव्हता. एडी मर्फीने टीव्हीवर त्याची जबरदस्त टर उडवली होती आणि ती त्याने हसून घेतली होती. मुलांना मीच बर्गर विकतोय असं वाटेल, ही अडचण होती.

सगळं सुरळीत होतं असंही नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात तो थकला, नवीन भाग बंद केले आणि मोठ्यांसाठी मुलाखतींचा कार्यक्रम काढला. तो काही चालला नाही. मग सुपरमॅनची नक्कल करत पोरं उंचावरून उड्या मारतात अशा बातम्या त्याच्या कानावर आल्या. तो परत आला आणि सुपरहिरो खरे नसतात हे दाखवायला 'हल्क' मालिकेच्या सेटवर गेला. हिरवा रंग फासून घेणारा लू फेरिग्नो पोरांनी तिथंच पाहिला.

१९८१ मध्ये जेफ एर्लँगर नावाचा दहा वर्षांचा मुलगा व्हीलचेअरवर बसून त्याच्याकडे आला. तालीम नाही, पाठांतर नाही. खुर्ची कशी चालते, ती का लागते, हे तो मुलगा सांगतोय आणि हा ऐकतोय. मग दोघं गाणं म्हणतात. अठरा वर्षांनी, १९९९ मध्ये, रॉजर्सला टीव्हीचा मोठा सन्मान मिळाला तेव्हा तरुण जेफ अचानक मंचावर आला. सुटाबुटातला सत्तरीचा रॉजर्स पोरासारखा उडी मारून खुर्चीवरून उठला आणि थेट मंचावर चढला.

त्याचं घरचं आयुष्य अगदी शिस्तीचं. पहाटे उठणं, रोज पोहणं, शाकाहार, दारू-सिगारेट नाही. वजन कायम १४३ पौंड, म्हणजे ६५ किलो. १४३ हा आकडा त्याला भारी आवडायचा, कारण इंग्रजीत प्रेम व्यक्त करणाऱ्या त्या तीन शब्दांत अनुक्रमे एक, चार आणि तीन अक्षरं येतात. (हो, पेजरवाल्यांच्या आधीपासून!) आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जायचं.

डिसेंबर २००० मध्ये शेवटचं चित्रीकरण झालं. एकूण जवळपास नऊशे भाग, दोनशेच्या आसपास गाणी, बहुतेक बाहुल्यांचे आवाज त्याचेच. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर लोकांनी त्याला परत कॅमेऱ्यासमोर बोलावलं. या वेळी बोलायचं होतं मोठ्यांशी, एकेकाळच्या आपल्याच प्रेक्षकांशी. तो चाचरला. एवढ्या मोठ्या दुःखापुढे आपण काय बोलणार, असं त्याला वाटत होतं. तरी बोलला. २००२ च्या शेवटी पोटाचा कर्करोग निघाला आणि २७ फेब्रुवारी २००३ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, तो पिट्सबर्गच्या घरी गेला. पुरला लॅट्रोबमध्येच.

त्याचा एक लाल स्वेटर वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आणि डोरोथीबाईंनी आदल्या संध्याकाळी दिलेल्या त्या कापडी वाघाला २०१२ पासून कार्टूनमध्ये एक पोरगा आहे, लाल स्वेटर घालणारा, त्याच ट्रॉलीत बसणारा. तुमच्या घरातलं चार वर्षांचं भाचरू फोन हातात घेऊन बसलं असेल, तर कदाचित ते त्यालाच बघत असेल.